रिकाम्या स्लॉटचा इतिहास

नव्या संगणकाचं कोटेशन हातात आलं की मी आधी मदरबोर्डची ओळ वाचतो. त्यावर काय बसवलंय ते नंतर, आधी रिकामं काय ठेवलंय ते बघतो. रॅमचे स्लॉट किती, त्यातले मोकळे किती, ग्राफिक्स कार्डाला जागा आहे का, वीज पुरवणारा एसएमपीएस किती वॉटचा आणि कुणाचा. सोलापुरात नवी पेठेत संगणक जोडून देण्याचं काम मी १९९७ पासून करतो. आपल्याकडच्या साध्या घरांतल्या पोरांना संगणकावर गेम खेळता आले ते या रिकाम्या जागांमुळे, असं माझं ठाम मत आहे. भारी मशीन एकरकमी घेणारं घर विरळाच. बाकीच्यांनी आधी जेमतेम मशीन घेतलं आणि मग एका दिवाळीला रॅम, पुढच्या दिवाळीला कार्ड, बारावीच्या निकालाला प्रोसेसर, असं ते वाढवत नेलं. या रीतीचाही इतिहास आहे, आणि ज्यांच्या हातून तो घडला ती माणसं अजून काउंटरमागे उभी आहेत तोवर तो लिहून ठेवला पाहिजे.

ही सोय आपसूक झालेली नाही. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्याच्या बोर्डवर पाच स्लॉट होते. फ्लोरिडातल्या बोका रेटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या गटाने तो वर्षभरात उभा केला होता. एवढ्या वेळात सगळं स्वतः घडवणं शक्य नव्हतं, म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, डॉस मायक्रोसॉफ्टची घेतली आणि बोर्डाचे सर्किट नकाशे तांत्रिक पुस्तिकेत छापून दिले. दुसऱ्यांनी कार्डं बनवावीत, ही त्यांचीच इच्छा होती. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, तेवढा त्यांच्या मालकीचा राहिला. मग कॉम्पॅकने तो कोड कधीही न पाहिलेल्या इंजिनिअरांकडून अगदी तसाच वागणारा बायोस लिहवून घेतला आणि आयबीएमची मक्तेदारी संपली. तैवानच्या कारखान्यांनी बोर्ड आणि कार्डं बनवायला घेतली. कुणाचाही भाग कुणाच्याही डब्यात बसू लागला. माझा धंदा उभा आहे तो या एका गोष्टीवर.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची दारं थोडी किलकिली केली. तेव्हा एचसीएल, विप्रो, डीसीएम, मुंबईची झेनिथ अशी नावं होती, आणि त्यांचे संगणक बँकांत नि कंपन्यांत जायचे. घरात संगणक आला तो १९९१ नंतर, आणि त्यातही खरा वेग आला तो १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञान करारावर सही केल्यावर. त्या करारामुळे भागांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत बहुतेक वस्तूंवर शून्यावर आलं. करारबिरार आम्हाला कुणाला ठाऊक नव्हता. आम्हाला दिसायचं ते एवढंच, की दर खेपेला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव थोडे खाली आलेले असायचे.

लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांच्यावरून पडलेलं जुनं नाव अजून तोंडात आहे. माझ्या वडिलांच्या पिढीला हा रस्ता सिनेमाचा. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ, स्वस्तिक ही थिएटरं इथलीच. 'शोले' मिनर्व्हात पाच वर्षं मुक्कामाला होता. त्याच रस्त्यावर ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, स्पीकर, वायरी विकणारी रेडिओवाल्यांची दुकानं होती, आणि संगणकाचे सुटे भाग आले ते या दुकानांच्या काउंटरवर. सोल्डरिंग येणारी, मल्टिमीटर वापरणारी माणसं तिथे आधीपासून होती. दिल्लीत नेहरू प्लेस, चेन्नईत रिची स्ट्रीट, तसा आमच्या राज्याला हा रस्ता.

सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. पहाटे दादरला उतरायचं, वेटिंग रूममध्ये तोंड धुवायचं, चहा प्यायचा आणि वेस्टर्नच्या स्लो लोकलने ग्रँट रोड. पूर्वेला बाहेर पडलं की रस्ता समोरच. दुकानं दहाच्या पुढे उघडतात, त्यामुळे वेळ हाताशी असायचा. त्या वेळात मी गिऱ्हाइकांच्या याद्या पुन्हा तपासायचो. रविवारी बाजार बंद, म्हणून शुक्रवारी रात्री निघायचं. मॉनिटर आणि कॅबिनेट मी कधीच मुंबईहून आणले नाहीत. काचेच्या १५ इंची मॉनिटरला गाडीत धक्का लागला तर सगळा नफा गेला. पिशवीत असायचे ते बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि कार्डं, रुपेरी अँटिस्टॅटिक पिशवीत, वरून टॉवेलात गुंडाळून. परतीच्या गाडीत ती पिशवी उशाला.

रॅमचा भाव तिथे सोन्यासारखा दिवसाचा असायचा. कोटेशनवर 'फक्त आज' असं लिहून मिळायचं. २१ सप्टेंबर १९९९ ला तैवानमध्ये ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, दोन हजारांवर माणसं गेली, आणि शिन्चूच्या चिप कारखान्यांची वीज तुटली. पुढच्याच खेपेला रॅमच्या किमती कुठल्या कुठे गेल्या होत्या. ३२ एमबीचे ६४ एमबी करायला आलेल्या पोरांना मी थांबायला सांगितलं. तैवानची जमीन हलली की नवी पेठेतल्या गल्ल्यावर परिणाम होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट उमगलं.

आता त्या काळातल्या भागांबद्दल, कारण कमी पैशात जास्त काढायची कला इथेच जन्मली.

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए काढला. स्वस्तातला प्रोसेसर, ३०० मेगाहर्ट्‌झचा. पण त्याच्या पोटात १२८ केबीची कॅशे ही वेगवान मेमरी होती आणि ती प्रोसेसरच्याच वेगाने धावायची. महागड्या पेंटियम टूची कॅशे मोठी, ५१२ केबीची, पण बाहेर बसवलेली आणि निम्म्या वेगाची. या सेलेरॉनचा गुणक, म्हणजे बोर्डाच्या बस वेगाला ज्याने गुणलं की प्रोसेसरचा वेग येतो तो आकडा, ४.५ वर बांधलेला होता. बोर्डाचा बस वेग ६६ वरून १०० केला की हिशोब सरळ: ४५० मेगाहर्ट्‌झ. ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डवर हे बायोसमधून व्हायचं. ज्या बोर्डवर तशी सोय नव्हती तिथे प्रोसेसरच्या बी२१ या पिनवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की बोर्ड त्याला १०० चा समजायचा. गिऱ्हाईक स्वस्त प्रोसेसरचे पैसे द्यायचं आणि त्याला पेंटियम टूच्या तोडीचं मशीन मिळायचं.

फक्त मुंबईत ४५० वर चालणारं मशीन सोलापूरच्या मे महिन्यात चालेलच असं नाही. इथे पारा ४२-४३ वर जातो. शिवाय यंत्रमागाच्या भागातली घरं. हवेत सुताचा तूस, आणि तो हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखा बसतो. मी गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं, गुढीपाडव्याला मशीन साफ करायला आणा आणि पावसाळा लागेपर्यंत ४५० वरून खाली उतरवून चालवा. हे कुठल्या मासिकात छापून आलेलं नव्हतं. हे आमच्या गावाचं ज्ञान. माझे वडील मागावर जॉबर होते. माग जुना झाला म्हणून कुणी विकत नाही. शटल बदलतात, पिकर बदलतात, पट्टा बदलतात आणि माग चालू राहतो. मला संगणक तसाच दिसला.

२००० च्या जूनमध्ये एएमडीचा ड्युरॉन आला. त्याचा गुणक खोलायला तर साधी पेन्सिल पुरायची. प्रोसेसरच्या पाठीवर 'एल१' नावाच्या सोनेरी बारीक रेघा लेझरने तोडलेल्या असायच्या. त्या तुटलेल्या जागी पेन्सिलीचं शिसं फिरवलं की वीज वाहायची आणि गुणक मोकळा व्हायचा. भिंग, मऊ पेन्सिल आणि स्थिर हात, एवढंच लागायचं. जपावं लागायचं ते हीटसिंक बसवताना. त्या प्रोसेसरची सिलिकॉनची चिप उघडी असायची आणि एका बाजूने जास्त दाब पडला की तिचा कोपरा उडायचा. पेन्सिल फिरवताना पोरं श्वास रोखून बघायची. त्यातली काही आज पुण्यात, काही अमेरिकेत चिपच्या कंपन्यांत आहेत.

याच काळात एक मोठी फसगतही झाली, आणि ती मला आजही सलते. १९९९ मध्ये इंटेलचा ८१० चिपसेट आला. ग्राफिक्स बोर्डावरच, वेगळ्या कार्डाचा खर्च नाही, म्हणून मशीन स्वस्त पडायचं. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांच्या आईबापांनी असे संगणक भराभर घेतले. पण त्या बोर्डांवर एजीपीचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचा, स्लॉटच नसायचा. दोन वर्षांनी मुलगा कार्ड घालायला यायचा तेव्हा त्याला नाही म्हणावं लागायचं. उरायचा तो पीसीआय स्लॉट, त्याची क्षमता सेकंदाला १३३ एमबी, तीही इतर कार्डांबरोबर वाटून घ्यायची. एजीपी ४एक्सची हजारावर. पुढच्या वर्षी आलेल्या ८१५ चिपसेटच्या बोर्डांवर एजीपी स्लॉट परत आला, आणि किमतीतला फरक इतका थोडा होता की मी गिऱ्हाइकांशी त्यावरून वाद घालायचो. काका, आत्ता हजारभर रुपये जास्त द्या, नाहीतर दोन वर्षांनी अख्खा बोर्ड फेकाल. काही ऐकायचे. जे ऐकायचे नाहीत त्यांच्या मुलांचे पडलेले चेहरे मी पाहिलेत. कारखान्यातून एक स्लॉट न बसवता पाठवणं ही छोटी गोष्ट नाही. त्याने त्या घरातल्या मशीनचं आयुष्य निम्मं होतं.

कार्डांच्या बाबतीत नावाची फसगत व्हायची. रिवा टीएनटी२ चांगलं कार्ड, पण त्याच नावाखाली 'एम६४' हा स्वस्त प्रकार विकला जायचा, त्याचा मेमरीचा रस्ता अर्धा, ६४ बिटचा. २००२ मध्ये जीफोर्स४ एमएक्स ४४० आलं आणि आपल्याकडे तुफान खपलं. नावात ४ असला तरी आतली रचना जीफोर्स२ च्या घराण्यातली, पिक्सेल शेडर नाहीच. 'व्हाइस सिटी' हा गेम त्यावर झकास चालायचा. पण २००३ च्या अखेरीला 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम' आला आणि त्याने एमएक्स मालिकेला सरळ नकार दिला. जीफोर्स३ सारख्या एक आकडा कमी असलेल्या जुन्या कार्डावर तो चालायचा आणि ४४० वर नाही, हे पोरांना समजावून सांगताना नाकी नऊ यायचे. तेव्हापासून मी कार्डाचं नाव बघत नाही. मेमरीचा रस्ता किती बिटचा, मेमरी कुठल्या जातीची आणि आतली पिढी कोणती, हे बघतो.

उतरवलेला भाग कधी वाया गेला नाही, ही त्या काळातली मला सगळ्यात प्रिय गोष्ट. माझ्याकडे एक वही होती, अजून आहे. कुणाकडून कोणता भाग घेतला, कुणाला कितीला दिला, सगळं तिच्यात. डॉक्टरांच्या मुलाने व्हूडू टू काढून नवं कार्ड घेतलं, तर ते व्हूडू वालचंद कॉलेजच्या एका विद्यार्थ्याकडे गेलं, तिथून बार्शीच्या एका सायबर कॅफेत. एका रॅमच्या पट्टीने तीन घरं पाहिली. वरच्याने नवं घेतलं की खालच्या तिघांचं मशीन सुधारायचं. जुन्या भागावर मी एक महिन्याची तोंडी हमी द्यायचो, आणि गाव लहान असल्याने ती पाळावीच लागायची.

२००४ साली ही साखळी तुटायची वेळ आली. एजीपी जाऊन पीसीआय एक्स्प्रेस आलं, डीडीआर जाऊन डीडीआर२, आणि प्रोसेसरचा सॉकेटही नवा. म्हणजे एक कार्ड घ्यायचं तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळंच बदला. वर एसएमपीएस. पेंटियम फोरपासून प्रोसेसरला १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची वायर लागू लागली होती, ती जुन्या डब्यांत नव्हती. अशा वेळी असरॉकने ७७५ड्युअल-व्हीएसटीए नावाचा बोर्ड काढला. त्यावर एजीपीही होतं आणि पीसीआय एक्स्प्रेसही, डीडीआरचेही स्लॉट आणि डीडीआर२ चेही, आणि वर कोअर टू प्रोसेसर बसायचा. पीसीआय एक्स्प्रेसचा वेग त्यावर पूर्ण मिळायचा नाही, चारच लेन होत्या. पण जुनं कार्ड आणि जुनी रॅम ठेवून आज प्रोसेसर घ्या, बाकीचं सवडीने, असं म्हणणारा तो बोर्ड होता. मोठ्या कंपन्यांच्या झगमगाटात त्याचं नाव कुणी घेत नाही. ज्याने तो बनवायचं ठरवलं त्याला गरीब गिऱ्हाईक कळत होतं.

तेव्हाच्या बजेटात आणखी एक ओळ असायची, जी परदेशी मासिकांच्या यादीत कधी दिसायची नाही: यूपीएस. भारनियमनाची ती वर्षं. ६०० व्हीएचा यूपीएस घेतल्याशिवाय मशीन द्यायचं नाही, हा माझा नियम होता. त्यासाठी कार्ड एक पायरी खालचं घ्यावं लागलं तरी चालेल. वारंवार वीज जाऊन मेलेल्या हार्ड डिस्क मी खूप पाहिल्या होत्या.

पुढचा काळ भराभर गेला. फेब्रुवारी २०१४ मध्ये जीटीएक्स ७५० टीआय आलं. फक्त ६० वॉट. स्लॉटमधूनच ७५ वॉट मिळतात, त्यामुळे वेगळी वायर नको आणि जुना एसएमपीएसही चालतो. दोन वर्षांनी १०५० टीआयने तेच काम ७५ वॉटमध्ये आणखी चांगलं केलं. याच सुमारास कंपन्यांतून आणि बँकांतून निघालेले ऑफिसचे संगणक लॉटने बाजारात येऊ लागले होते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय५, त्यात एक एसएसडी आणि असं बिनवायरीचं कार्ड, अरुंद डबा असेल तर बुटक्या उंचीचं, की गेमिंग मशीन तयार. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला, बहुतेक भागांवर १८ टक्के, आणि बिलासह नि बिलाविना असे दोन भाव सांगायची जुनी पद्धत बरीच आवरली. ते बरंच झालं. बिल असलं की वॉरंटीवर भांडता येतं.

मग इथेरियम या आभासी चलनाचं खाणकाम करणारे आले आणि कार्डं त्यांनी उचलली. २०२१ मध्ये साधं कार्ड छापील किमतीला मिळेना. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं खाणकाम बंद झालं आणि तीच कार्डं धुळीसकट बाजारात परतली. ती घेताना मी पंखे आणि थर्मल पॅड बदलूनच देतो. त्या सगळ्या गदारोळात एएमडीच्या एएम४ सॉकेटने मात्र गिऱ्हाइकाचा मान राखला. २०१७ चा बोर्ड बायोस अपडेट करून २०२२ चा रायझेन ५८००एक्स३डी घेऊ शकतो. बोर्ड तोच आणि प्रोसेसर पाच वर्षांनी नवा, असं माझ्या इतक्या वर्षांत फार थोड्या वेळा घडलंय.

आता पुन्हा कठीण दिवस आहेत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव पुन्हा उसळले. या वेळी भूकंप नव्हता, एआयच्या डेटा सेंटरांनी माल ओढून नेला. मायक्रॉनने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रूशिअल' ब्रँड बंद करत असल्याचं डिसेंबरमध्ये जाहीर केलं. त्याआधी १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ ला आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत. धडधाकट मशीनं त्यामुळे भंगारात चाललीत. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली यंत्रं वाढतायत, ज्यांत घालायला नि काढायला काही नाही. हे मला ८१० च्या बोर्डाहून वाईट वाटतं. तिथे निदान रॅम तरी वाढवता येत होती.

ज्यांच्याकडे सहा-आठ वर्षांचं मशीन आहे त्यांनी घाबरून ते विकू नये. दमलंय काय ते आधी ओळखा. गेमचं रिझोल्यूशन उतरवून पाहा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. नाही वाढल्या तर प्रोसेसर कमी पडतोय, मग महाग कार्ड घेऊन उपयोग नाही. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा, दोन रस्ते मिळतात. एसएमपीएसवर पैसे वाचवू नका, तो जळताना एकटा जळत नाही. काढलेले भाग आमच्यासारख्यांकडे आणून द्या, कुणाच्या तरी घरी ते नवेच असतील. आणि या दिवाळीला मुलासाठी संगणक घेणार असाल तर दुकानदाराला एवढंच विचारा: दोन वर्षांनी यात काय घालता येईल? त्याला उत्तर देता आलं नाही, तर शेजारच्या दुकानात जा.